लेकरासाठी रक्त आणायला जाताय? आधी नळीवरचं नाव पाहा

मेळघाटातून घाट उतरून अमरावती गाठायची आणि रक्तपेढीच्या खिडकीत ऐकायचं, "नमुना चालणार नाही." कारण रक्ताच्या मागणीपत्रावर 'सोनाली' आणि लेकराच्या रक्ताच्या नमुन्याच्या नळीवर घरचं नाव, 'सोनू'. खिडकीवरून असे परतलेले बाप मी किती पाहिले. पण यात रक्तपेढीचा आडमुठेपणा नाही. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर जीव जातो. म्हणून नमुना खाटेजवळच घ्यायला आणि तिथेच चिठ्ठी लावायला सांगा. नाव, आयपीडी (दाखल रुग्णाचा) नंबर, तारीख मागणीपत्राशी अक्षरन्‌अक्षर जुळवा.

आता रक्त कोणाला लागतं ते. "पोट्टं पांढरंफटक पडलं, रक्त काहून चढवत नाही?" म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. लेकरू स्थिर असेल, रक्तस्राव नसेल आणि हिमोग्लोबिन ७ च्या वर असेल तर बहुतेकदा रक्त लागत नाही. लोहाची कमी औषधाने भरते. ४ च्या खाली गेलं तर रक्त देतातच. मधल्या आकड्यात धाप आहे का, लेकरू गळून गेलंय का, ते पाहून ठरवतात. सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या अनेक लेकरांचं नेहमीचंच हिमोग्लोबिन ७-८ असतं, त्यांच्यात नुसता आकडा पाहून रक्त मागू नये. ते १० च्या पुढे नेलं तर रक्त घट्ट होऊन त्रास वाढतो. कुपोषित लेकराला जास्त रक्त म्हणजे हृदयावर ओझं. द्यायच्या लाल पेशींचं प्रमाण वजनाच्या दर किलोला साधारण १० ते १५ मिली. म्हणजे ८ किलोच्या लेकराला ८० ते १२० मिली. पिशवी उरली म्हणून ओरडू नका.

मागणीपत्रावर डॉक्टरांची सही, वजन, निदान आणि आधी रक्त दिलंय का, एवढं हवं. संमतीपत्रावर आईबापाची सही.

खरी अडचण तान्ह्या बाळाची. चार महिन्यांच्या आतल्या बाळासोबत आईच्या रक्ताचाही नमुना मागतात. आणि आई असते ग्रामीण रुग्णालयात, बाळ जिल्ह्याला! हे आधी कोणी सांगत नाही. बाळाला पुढे पाठवतानाच आईची नळी, तिच्या नावाची चिठ्ठी लावून, मागून घ्या.

रक्ताची किंमत नसते, फक्त प्रक्रिया शुल्क असतं. सिकलसेल, थॅलेसेमिया (हाही रक्ताचा आनुवंशिक आजार) अशा रुग्णांना तेही माफ, ओळखपत्र जवळ ठेवा. "बदली दाता आणा, तरच पिशवी" अशी अट घालता येत नाही. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १९९८ पासून बंदी आहे, दारातल्या दलालाला भुलू नका.

वेळेचं गणित मात्र कित्येकांचं चुकतं. पिशवी बर्फाला टेकू न देता थंड पेटीतच आणा, वाटेत चहाला थांबू नका. पेटीतून काढली की अर्ध्या तासात लावायची, चार तासांत संपवायची. वॉर्डातल्या किंवा घरच्या फ्रिजमध्ये ठेवलेली पिशवी वाया गेली समजा. लावण्याआधी सिस्टर लेकराचं नाव विचारतील, तेव्हा 'सोनू' म्हणू नका, कागदावरचं सांगा.