तीनशे किलोमीटरला तासभर का लागतो?

दोन विमानतळांमधले अंतर मोजायला आधी दोन्हींचे अक्षांश-रेखांश हवेत, आणि पहिली चूक तिथेच होते. १८ अंश ३० मिनिटे म्हणजे १८.३० नव्हे, १८.५. एवढ्या एका गफलतीने विमानतळ २२ किलोमीटर सरकतो.

अक्षांशाचा एक अंश सगळीकडे जवळपास १११ किलोमीटरचा. रेखांशाचे तसे नाही. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून रेखांशातील फरकाला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. समजा, दोन्ही फरक २-२ अंशांचे आहेत आणि मधला अक्षांश २० आहे. उत्तर-दक्षिण २२२ किलोमीटर, पूर्व-पश्चिम २०९; पायथागोरसने सुमारे ३०५. लांबच्या उड्डाणांना गोलावरचे सूत्र लागते, इथे एवढ्यावर भागते.

आता वेळ. छोट्या धावपट्ट्यांवर बहुधा टर्बोप्रॉप, म्हणजे इंजिनाला फिरते पंखे असलेली विमाने, येतात आणि ती ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतात. भागाकार केला की ३७ मिनिटे येतात, पण हा वेग विमानाला मधल्या टप्प्यातच मिळतो. १८,००० फुटांवर जायचे तर मिनिटाला १,२०० फूट चढून १५ मिनिटे लागतात आणि तेवढ्यात जेमतेम ९३ किलोमीटर कापले जातात. उतरताना वैमानिकांचा ठोकताळा असा: दर हजार फुटांना तीन सागरी मैल. म्हणजे ५४ सागरी मैल, शंभर किलोमीटर, आणि साडेतेरा मिनिटे. पूर्ण वेगासाठी उरतात ११२ किलोमीटर, तेही साडेतेरा मिनिटांत संपतात. एकूण ४२. या मधल्या टप्प्यात ताशी ८०० ने जाणारे जेट आणले, तरी तिथे वाचतात फक्त पाच मिनिटे!

वेळापत्रकातला आकडा मात्र ब्लॉक टाइमचा असतो: विमान जागेवरून हलल्यापासून ते पोहोचून चाकांना ठोकळे लागेपर्यंत. छोट्या विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाला ये-जा करण्याचा वेगळा रस्ता, अनेकदा नसतो. विमान धावपट्टीवरूनच पलीकडच्या टोकाला जाते, तिथे पूर्ण वळते आणि मग सुटते. १,८०० मीटर, ताशी ३० किलोमीटरने: साडेतीन मिनिटे गेली. मागच्या विमानाला तोवर उतरता येत नाही, ते हवेत घिरट्या घालते. निघतानाची आठ मिनिटे, उतरण्यापूर्वी धावपट्टीच्या रेषेत येण्याची पाच आणि पोहोचल्यावरची तीन धरली की ५८ होतात.

काही संकेतस्थळे ताशी ८०० चा वेग धरून वर सरसकट अर्धा तास घालतात. या अंतराला त्यातून ५३ मिनिटे येतात. हे उत्तर ब्लॉक टाइमच्या बरेच जवळ आहे, पण निव्वळ योगायोगाने.

वारा जाता-येता फिटंफाट होतो, हाही गैरसमजच. सोपा हिशेब म्हणून ३०० किलोमीटर, ताशी ५०० चे विमान आणि ताशी १०० चा वारा घ्या. समोरून असेल तर ४५ मिनिटे, पाठीमागून असेल तर ३०; बेरीज ७५. वारा नसता तर ७२ झाली असती, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते. जमिनीलगतचा वारा आणखी एक गोष्ट ठरवतो: सुटायचे कोणत्या टोकाकडून. विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडते, आणि मुक्काम नेमका पाठीमागे असेल तर उडाल्यावर आधी उलटे वळावे लागते.