शिंगाळ्याचा नर आणि बंदीच्या तारखा

पावसाळी मासेमारीबंदी कोणत्या तारखेला सुरू व्हावी आणि कधी उठावी, यावरून कोकण किनाऱ्यावर दरवर्षी तीच भांडणं होतात. नारळी पौर्णिमेपर्यंत बंदी हवी म्हणणारे एका बाजूला, ३१ जुलै पुरे म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दोघंही 'माशांच्या विणीचा काळ' हेच कारण पुढे करतात. पण कोणत्या माशाची वीण, हे बोलण्यात फारसं येत नाही. बंदीचा सगळा हिशेब बांगडा, तारली अशा माशांवर बेतलेला आहे. यांच्या माद्या हजारोंनी अंडी पाण्यात सोडतात, नर तिथंच शुक्र सोडतो आणि पुढं दोघांचाही अंड्यांशी संबंध उरत नाही. अशा माशांना ऐन विणीत दोन महिने सोडलं की बरंच साधतं.

शिंगाळा, म्हणजे समुद्रातला मिशाळ कॅटफिश, या हिशेबात बसत नाही. त्याची मादी मोजकीच अंडी घालते, पण एकेक अंडं सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही मोठं, गोटीएवढं असतं. ही अंडी नर तोंडात घेतो. पिल्लं अंड्यातून बाहेर आली तरी त्यांच्या पोटाखालची बलकाची पिशवी जिरेपर्यंत ती बापाच्या तोंडातच राहतात. हे कित्येक आठवडे चालतं आणि तेवढे दिवस नर जवळपास उपाशी असतो. असा नर चिरला तर त्याचं पोट रिकामं निघतं. जाळ्यात सापडला की तो अंडी ओकून टाकतो आणि ती मग फुकट जातात. म्हणजे एका नराबरोबर त्या जोडीची अख्खी वीण संपते. लाखभर अंडी सोडणाऱ्या माशाचं नुकसान पुढच्या हंगामात थोडंफार भरून येऊ शकतं, शिंगाळ्याचं येत नाही. बाजारात आणि बैठकांत चर्चा होते ती गाबोळी भरलेल्या मादीची. तोंड भरलेल्या नराची दखल कोणी घेत नाही, हे मला फार खटकतं.

तारखांत न बसणारा दुसरा मासा मुशी, म्हणजे शार्क. आपल्या किनाऱ्यावरची लहान मुशी वर्षभर विते. तिचं अंडं जेमतेम मिलिमीटरभर असतं, पण गर्भ आईच्या पोटात नाळेनं पोसला जातो आणि पिल्लं जिवंत जन्मतात. तिच्यासाठी कोणते दोन महिने राखायचे? समुद्री घोड्याचा प्रश्न मात्र सुटला. त्याची मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी सोडते आणि पिल्लांना जन्म नरच देतो. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं आणि त्याची पकड बाराही महिने गुन्हा ठरली. तो ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे तळाशी ओढत नेलेल्या, जाळ्यात चुकून येतो ते वेगळं. पण त्याला पकडून विकण्याचा धंदा कायद्याबाहेर गेला, एवढं खरं.

पूर्वी बंदीचा कागद नव्हता. आषाढात दर्या खवळला की होड्या वर ओढून झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात लोटायच्या. इंजिनं आली, बोटी मोठ्या झाल्या आणि वादळाची भीती पुरेनाशी झाली. केरळात १९८८ पासून पावसाळी ट्रॉलबंदी आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा. त्याखाली इथं बरीच वर्षं १० जून ते १५ ऑगस्ट, किंवा नारळी पौर्णिमा आधी आली तर तोवर, अशी बंदी असे.

आजचा वाद २०१५ च्या निर्णयातून आला. पश्चिम किनाऱ्याच्या प्रत्येक राज्याच्या तारखा वेगळ्या होत्या. एका राज्याच्या बोटी बंद असताना शेजारच्या राज्याच्या बोटी येऊन मासे उचलत. म्हणून सगळ्यांसाठी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरले. पारंपरिक बिनयांत्रिक होड्यांना सूट राहिली. तारखा एकसारख्या होणं गरजेचं होतं, हे मान्यच करायला हवं. पण महाराष्ट्राच्या वाट्याला आधी ६७ दिवसांपर्यंत बंदी होती. तिचे ऑगस्टमधले दिवस गेले आणि बदल्यात जूनचे पहिले नऊ दिवस आले. दर्या अजून शांत झालेला नसतो आणि मोठ्या बोटी १ ऑगस्टला निघतात. लहान होडीवाल्याला मात्र नारळी पौर्णिमेपर्यंत थांबावंच लागतं. रापणकरांची (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांची) आणि गिलनेटवाल्यांची (पाण्यात भिंतीसारखं जाळं लावणाऱ्यांची) तक्रार इथून सुरू होते आणि मला ती रास्त वाटते. शिवाय किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, त्यापलीकडे केंद्राचा, त्यामुळे एकट्या राज्यानं तारीख पुढं नेली तरी बाहेरचं पाणी मोकळंच राहतं.

शिंगाळ्याच्या बाबतीत तर १५ ऑगस्टही पुरत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात मालपे आणि मंगळूरच्या पर्ससीन नौकांनी, म्हणजे थव्याभोवती जाळं टाकून ते खालून आवळणाऱ्या नौकांनी, शिंगाळ्यांचे थवेच्या थवे वेढून आणले. त्यांत तोंडात अंडी आणि पिल्लं घेतलेले नर ढिगांनी होते. मत्स्यशास्त्रज्ञांनी हा नाश त्याच वेळी लिहून ठेवला आणि इशाराही दिला. या नौका समुद्रात होत्या म्हणजे ते दिवस बंदीचे नव्हते. पुढे पश्चिम किनाऱ्यावर शिंगाळ्याची आवक कोसळली. ट्रॉलचाही त्यात हात आहे, पण थवा करून फिरणारा मासा अख्ख्या थव्यानिशी उचलणारं जाळं पर्ससीनच.

महाराष्ट्रात पर्ससीनवर लगाम आला तो ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं. सरकारनं नेमलेल्या समितीच्या अहवालावरून परवाने टप्प्याटप्प्यानं १८२ वर आणायचे ठरले आणि पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. पारंपरिक मच्छीमारांनी यासाठी मालवणपासून रत्नागिरीपर्यंत वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते. २०१७ मध्ये केंद्रानं एलईडी दिव्यांच्या झोतानं मासे गोळा करून पकडण्यावर बंदी घातली, २०२१ मध्ये राज्याचा कायदा बदलून दंड लाखांत नेला. तरी रात्री दिवे दिसल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत.

२०२३ मध्ये राज्यानं ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाच्या पिल्लांची विक्री रोखायला हा नियम उपयोगाचा आहे, आणि पापलेट त्याच वर्षी राज्यमासा झाला. पण अंडी वाहणारा शिंगाळ्याचा नर पूर्ण वाढलेलाच असतो. लांबीची अट कितीही कडक केली तरी तो तिच्यातून पार होतो. त्याला वाचवायचं तर तोंड भरलेले नर ज्या आठवड्यांत आणि ज्या पाण्यात सापडतात तिथं पर्ससीन थांबवावं लागेल, आणि त्यासाठी बंदरावर उतरणाऱ्या शिंगाळ्यांची तोंडं उघडून नोंद ठेवावी लागेल.