सजीवांचे परस्परावलंबन : खानदेशातील पानझडी वन

एखाद्या प्रदेशातील वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीव हे अन्न, आसरा, परागण, बीजप्रसार आणि कुजण्याच्या क्रिया यांसाठी एकमेकांवर व भोवतालच्या माती-पाण्यावर विसंबून असतात. या संबंधांना सजीवांचे परस्परावलंबन म्हणतात. त्यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेला एर्न्स्ट हेकेल यांनी 1866 मध्ये परिस्थितिविज्ञान (इकॉलॉजी) हे नाव दिले. अन्नसाखळीचा विचार चार्ल्स एल्टन यांनी 1927 मध्ये विस्ताराने मांडला, तर परिसंस्थेची कल्पना आर्थर टॅन्सली यांनी 1935 मध्ये मांडली. प्रस्तुत नोंदीत जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांपुरता विचार केला आहे.

खानदेशाच्या उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस सह्याद्री, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधून तापी वाहते. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर, गोमाई या तिच्या उपनद्या होत. डोंगरउतारांवर साग, सालई, अंजन, धावडा, मोह, टेंभुर्णी, चारोळी व पळस यांचे विरळ वन असून झाडांखाली गवत असते. खोऱ्यातील काळ्या जमिनीत कापूस, ज्वारी व केळी होते.

वनाच्या विरळपणाचा प्रश्न : हे वन मुळातच विरळ होते की तोड, चराई व वणवे यांमुळे विरळ झाले, याविषयी दोन मते आहेत. ब्रिटिश काळातील वनशास्त्रज्ञांची विचारसरणी अशी की, पर्जन्यमानास साजेसे दाट वन हीच भूमीची अंतिम अवस्था होय. गवत व झुडपे हा तिचा ऱ्हास. या मताला इतिहासाचा काहीसा आधार मिळतो. होळकर-शिंदे संघर्ष आणि 1803-04 चा दुष्काळ यांत खानदेशातील अनेक गावे ओस पडली, शेते झाडोऱ्याने भरली व वाघांचा उपद्रव वाढला, असे 1880 च्या खानदेश गॅझेटिअरवरून दिसते. म्हणजे मोकळी सोडलेली सपाट जमीन पुन्हा रानाकडे वळते; आणि इंग्रजांनी 1818 नंतर पाहिलेले सपाटीवरचे रान पुष्कळ ठिकाणी मूळचे नव्हते, तर पडीक शेतांवर नव्याने वाढलेले होते.

दुसरे मत असे की, गवताळ विरळ वन ही येथील प्राचीन व स्वतंत्र परिसंस्था आहे. भारतीय उपखंडात उष्ण प्रदेशी गवतांचा विस्तार साधारण 70 ते 80 लक्ष वर्षांपूर्वी झाल्याचे शिवालिक या हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांतील मातीच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) मानले जाते. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कोरीव नक्षीची कवची मिळाली. तिचा काळ सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा धरतात. शहामृग हा मोकळ्या माळाचा पक्षी. मात्र तो काळ शेवटच्या हिमयुगाचा व आजच्याहून कोरडा असल्याने या पुराव्यावर फार भार देता येत नाही. एकंदर पाहता, सपाटीपुरते पहिले आणि डोंगरउतारांपुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. गवताळ जमीन ‘पडीक’ ठरली की तिच्यावर खड्डे खणून रोपे लावली जातात आणि लांडगा, खोकड, ससा, चंडोल यांचे घर मोडते.

रानपिंगळा : विरळपणावर अवलंबून असलेल्या जीवाचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण. ए. ओ. ह्यूम यांनी 1873 मध्ये वर्णिलेल्या या छोट्या घुबडाचे नमुने जेम्स डेव्हिडसन यांनी 1880 च्या दशकाच्या प्रारंभी शहादा परिसरातून मिळवले. त्यानंतर पक्षी नामशेष झाल्याचे समजत. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळाल्याचे नोंदवले होते. परंतु तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, मूळचा डेव्हिडसन यांचाच होता, असे पुढे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी दाखवले. ही खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळल्यावर रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ तो प्रत्यक्ष दिसला. रानपिंगळा दिवसाही शिकार करतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर व टोळ मोकळ्या गवतातूनच त्याला टिपता येतात. घरटे झाडाच्या ढोलीत. ही ढोली तो स्वतः कोरत नाही. एक तर ती जुन्या खोडात आपोआप पडलेली असते किंवा सुतार, तांबट या पक्ष्यांनी कोरून सोडलेली असते. वाळलेले जुने झाड सरपणासाठी गेले की दोन्ही वाटा बंद होतात. नवीन रोपवनात झाडे कितीही असली तरी ढोली नसतात, हे वारंवार विसरले जाते.

परागण व बीजप्रसार : मोहाची फुले फाल्गुन-चैत्रात रात्री उमलतात. गर खायला येणारी फळवटवाघळे परागण करतात आणि पुढे फळे लांब नेऊन बी टाकतात. फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत आहे. तीत मोहाची कोवळी रोपेही जळतात. उंबराचे परागण त्याच्या फळात शिरणाऱ्या बारीक वस्मिकेखेरीज (गांधीलमाशीच्या गटातील कीटकाखेरीज) होत नाही, आणि ही वस्मिकाही उंबराखेरीज वाढत नाही. अस्वल वारुळातील वाळवी खाते. बहावा व बोर यांच्या बिया त्याच्या विष्ठेतून पसरतात.

पाणी : सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा व वाळूचा बझाडा पट्टा आहे. डोंगरावरचे पाणी तेथे मुरते व यावल-रावेरच्या विहिरींना मिळते. केळीला फळ धरण्यासाठी परागण लागत नाही, त्यामुळे बागेचा रानाशी संबंध नाही असे वाटू शकते. पण उतारावरचे गवत व पाचोळा पावसाचा वेग मोडतात, म्हणूनच पाणी मुरायला सवड मिळते. उतार उघडे पडले की गाळ येतो आणि गोट्यांमधील फटी बुजतात. उपसा मुरण्यापेक्षा अधिक झाल्याने या पट्ट्यातील पाणी खोल गेले आहे. वरच्या रानाची जपणूक हा खालच्या बागायतदाराचा थेट हिताचा विषय आहे.

शेती व पशुपालन : तूर, मूग, उडीद यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतात; कापसात तुरीचे पाटे टाकण्याचा एक लाभ हाच. साक्री-धुळे भागातील ठेलारी धनगर मेंढरे घेऊन फिरतात, शेतकरी ती शेतात बसवून खत घेतात. बाभळीच्या शेंगा मेंढ्या खातात व बिया लेंड्यांतून दूरवर पडतात. मेलेली गुरे फस्त करणारी गिधाडे, गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे देशभर घटली. या औषधाचा गुरांसाठीचा वापर भारतात 2006 मध्ये बंद करण्यात आला.