डीएसपी लावल्याने अँपचे वॉट वाढत नाहीत

डीएसपी म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर, आवाजाच्या सिग्नलवर आकडेमोड करणारी चिप. ‘डीएसपी मॉड्यूल जोडा, १०० वॉटचा अँप २०० चा होईल’ हा समज साऊंडवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. स्पीकरला ताकद अँप म्हणजेच अँप्लिफायर आणि त्याचा पॉवर सप्लायच देतात. डीएसपी बसतो अँपच्या आधी. तिथे तो जेमतेम एक-दोन व्होल्टच्या सिग्नलचे आकडे करतो, त्यांवर गणित करतो आणि पुन्हा सिग्नल बनवून पुढे पाठवतो.

मग आवाज सुधारतो कसा? क्रॉसओव्हरमुळे, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार आवाज वाटून देणाऱ्या फिल्टरमुळे, ट्विटरकडे (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरकडे) बेस जातच नाही. गाडीत उजवा स्पीकर डाव्यापेक्षा ६८ सेंटीमीटर जवळ असेल, तर त्याला सुमारे २ मिलिसेकंद उशीर द्यायचा. दोन्ही आवाज एकदम कानावर येतात आणि गायक समोर मधोमध उभा वाटतो. मला तरी डीएसपीचं हेच सगळ्यात मोलाचं काम वाटतं.

उलट, इक्वलायझरवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यानुसार आवाज कमी-जास्त करायची सोय) बेस ६ डेसिबलने चढवला की त्या पट्ट्यात अँपकडून चौपट वॉट मागितले जातात. अँप आधीच टोकाला असेल तर क्लिपिंग होतं, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जातात, आणि ट्विटर जळतात. म्हणून बेस चढवण्याआधी लिमिटर (सिग्नलला ठरावीक पातळीवर रोखणारा) लावा, आणि शक्यतो खटकणारी फ्रिक्वेन्सीच खाली आणा.