एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही

आमच्या जुन्या घरात मीटरखाली लाकडी फळी होती, तिच्यावर चिनीमातीचे चार फ्यूज. गेल्या पावसाळ्यात वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लावलं की त्याच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या यायच्या, म्हणून फळी काढून एमसीबीचा, म्हणजे आपोआप पडून वीज तोडणाऱ्या स्विचांचा, नवा डीबी (वीज वाटणारी पेटी) बसवला. झिणझिण्या तशाच! एमसीबी शॉर्टसर्किट आणि जादा लोड ओळखतो. हातातून जमिनीत गेलेला प्रवाह त्याला कळतच नाही.

सॉकेट उघडलं तर अर्थच्या, म्हणजे जमिनीशी जोडणाऱ्या, पिनला वायरच नव्हती. वायरमन म्हणाला, "न्यूट्रलवरून एक तुकडा मारून देतो." मी नको म्हटलं. हा प्रकार सर्रास चालतो आणि तो जीवघेणा आहे. मागे कुठे न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी वायर) तुटली, की फेज (वीज आणणारी वायर) चालू मशीनमधून फिरून त्याच तुकड्यावरून थेट पत्र्यावर येतो.

मग परसात खड्डा घेऊन तांब्याची प्लेट पुरली, भोवती कोळसा आणि मीठ. कोळसा ओल धरून ठेवतो, मिठामुळे त्या ओलीतून वीज सहज वाहते. माती सुकली की रोध (विजेला होणारा अडथळा) चढतो, म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतावं लागतं. अर्थ टेस्टरने मोजलं, १० ओहम.

आता हिशोब बघा. फेज पूर्णपणे पत्र्याला टेकला तर २३० व्होल्ट भागिले १० ओहम, म्हणजे २३ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर पडायला कित्येक मिनिटं, कधी तासभरही घेऊ शकतो. तोवर पत्र्यावर जवळजवळ २३० व्होल्ट! चांगलं अर्थिंग असूनही.

म्हणून डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, हवाच. त्यात फेज आणि न्यूट्रल एकाच लोखंडी कड्यातून जातात. गेला तेवढाच प्रवाह परतला, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात. ३० मिलिअँपिअर एवढा जरी जमिनीत गेला, तरी कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात वीज उमटते आणि तो सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत पडतो. अर्थिंग नसेल तरी तो काम करतो, पण मग गळतीला पहिली वाट आपल्या अंगातूनच मिळते. अर्थिंग असलं की हात लागायच्या आधीच पडतो.

आमचा बसवला त्याच दिवशी पडला, मशीनने पाणी तापवायला घेतल्याबरोबर. हीटरच्या कॉइलला चीर गेली होती.