वाहनांमागे धावणे, कुत्र्यांचे

जाणारेयेणारे वाहन दिसताच कुत्र्याने भुंकणे, पट्ट्याला हिसके देणे, झेप घेणे किंवा मागे धावणे ही वर्तनसमस्या व तिच्यावरील शिक्षण. मोकाट कुत्र्यांतही हे वर्तन दिसते. मात्र ही नोंद पाळीव कुत्र्यांपुरती आहे. उदाहरणे सातारा व सांगली जिल्ह्यांतली आहेत.

कारणे : या वर्तनाच्या मुळाविषयी तीन मते आहेत. पहिल्या मतानुसार हा पारधीचा अवशेष होय. हेरणे, नजर रोखणे, दबा धरून सरकणे, पाठलाग, पकडणे आणि मारणे अशी शिकारी वर्तनाची साखळी असते. माणसाने निवडीने पैदास करताना तिच्यातील काही कड्या बळकट केल्या आणि काही दुबळ्या, असे प्रतिपादन अमेरिकी अभ्यासक रेमंड कॉपिंजर यांनी केले. मेंढरे राखणाऱ्या बॉर्डर कॉली जातीत नजर रोखणे व पाठलाग तीव्र, तर चावा मंद असतो. शिकारी जातींत पाठलाग जवळजवळ आपोआप सुटतो. सांगलीच्या पूर्व भागात पाळले जाणारे कारवानी कुत्रे या दुसऱ्या गटातले. वासापेक्षा नजरेवर धावणाऱ्या या जातीचे मूळ पश्चिम व मध्य आशियातील सलुकी-ताझी या शिकारी कुत्र्यांच्या वर्गात शोधतात. ती काफिल्यांबरोबर दख्खनेत आली हे मत प्रचलित असले तरी केव्हा व कोणत्या वाटेने आली याविषयी एकवाक्यता नाही. एकाच वेळी न येता टप्प्याटप्प्याने आली असणे अधिक संभवनीय वाटते. मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिला आश्रय दिला, म्हणून मुधोळ हाउंड हेही नाव रूढ झाले. केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद कॅराव्हॅन हाउंड या नावाने करतो. अशा कुत्र्याला समोरून सुसाट गेलेली मोटारसायकल आणि माळावरून उठलेला ससा यांत फारसा फरक वाटत नसावा.

दुसरे मत हद्दीच्या राखणीचे. फाटकावरचा कुत्रा भुंकतो, गाडी निघून जाते. गाडी आपल्यामुळे गेली असा त्याचा समज होत असावा. वाहन थांबायला आलेलेच नसते, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. परिणामी प्रत्येक वाहन त्या सवयीला बक्षीस देऊन जाते. तिसरे मत भीतीचे. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येते, कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्‌झपर्यंत. ब्रेकची कर्कश किरकिर किंवा हवेच्या ब्रेकचा फुत्कार त्याच्या कानी कसा पडत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो. पिल्लू साधारण ३ ते १२ आठवड्यांचे असताना त्याने जे पाहिले-ऐकले नाही, त्याविषयी पुढे धास्ती राहते, असे स्कॉट व फुलर या अमेरिकी संशोधकांच्या १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनापासून मानले जाते. टायरवर दुसऱ्या कुत्र्याने केलेल्या खुणेच्या वासामुळे कुत्रे गाडीमागे लागते, हा लोकप्रिय खुलासा उभ्या गाडीला लागू पडेल. पट्ट्यात चालणारे कुत्रे पन्नास पावलांवरच्या डंपरला पाहून का उसळते, ते त्यातून उलगडत नाही.

तिन्ही कारणे एकाच कुत्र्यात मिसळलेली असू शकतात. तरीही भेद करणे उपयोगाचे आहे. शेपटी पोटाशी, अंग मागे ओढलेले, कान पडलेले अशी ठेवण भीती सुचवते. ताठ अंग, पुढे झुकलेला भार आणि गाडी येण्याआधीची निश्चल शांतता पारध सुचवते. भित्र्या कुत्र्याला अंतर हेच बक्षीस वाटते. पारधी कुत्र्याला मात्र नुसते मागे नेऊन भागत नाही. धावण्याची हौस चेंडू किंवा ओढाओढीच्या दोरीवर फेडावी लागते. वर्तन अचानक सुरू झाले असेल तर आधी दुखणे तपासावे. सांधे किंवा कान दुखणारा कुत्रा चिडका होतो. अतितीव्र भीतीत पशुवैद्य फ्लुओक्सेटिनसारखी चिंता कमी करणारी औषधे देतात. ती मनाने देऊ नयेत. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

पद्धतीचा उगम : वाहनाचा लांबून क्रमाक्रमाने परिचय आणि त्याबरोबर खाऊ, ही आज वापरली जाणारी रीत कुत्र्यांसाठी निघालेली नाही. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या अभिजात अभिसंधानाच्या (एका गोष्टीची दुसरीशी सांगड घालून प्रतिक्रिया शिकवण्याच्या) प्रयोगांत कुत्रे होते हे खरे, पण भीती घालवणे हा त्यांचा विषय नव्हता. बेडकाला भिणाऱ्या मुलाला बेडूक आधी लांबून दाखवावा, मग हळूहळू जवळ आणावा, असा सल्ला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९३ मध्ये दिला होता. काही जण उगम तिथे नेतात. तो फार मागे नेल्यासारखा होतो. १९२४ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडीचा खाऊ देत देत ससा थोडाथोडा जवळ आणला आणि भीती घालवली. १९३५ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन गथ्री यांनी सवय मोडण्याच्या तीन वाटा सांगितल्या आणि घोड्याला खोगीर सोसायला शिकवण्याचा दाखला दिला : पाठीवर आधी हलकी घोंगडी टाकून वजन वाढवत नेणे; घोडा उधळून थकेपर्यंत स्वार राहणे; किंवा जुन्या सवयीशी न जुळणारी दुसरी कृती त्याच प्रसंगाशी जोडणे. पुढे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पी यांनी दक्षिण आफ्रिकेत मांजरांवर प्रयोग केले. ज्या पिंजऱ्यात विजेचा झटका बसला त्याला भिणाऱ्या मांजरांना त्यांनी आधी पिंजरा असलेल्या खोलीशी कमी साम्य असलेल्या खोलीत खाऊ घातले आणि साम्य वाढवत नेले. त्यावरून १९५८ मध्ये त्यांनी पद्धतशीर असंवेदनीकरणाची, म्हणजे पायरीपायरीने भीती बोथट करण्याची, मांडणी केली. श्रेय बहुधा वोल्पी यांना दिले जाते. कुत्र्यांच्या शिक्षणापुरते पाहिले तर गथ्री यांची पहिली वाट आणि जोन्स यांचा खाऊ यांचा मेळ अधिक जवळचा आहे.

खाऊ आवश्यक आहे की नुसता क्रमाक्रमाने केलेला परिचय पुरतो, यावर मतभेद आहेत. माणसांवरील काही अभ्यास नुसता परिचय पुरतो या बाजूला झुकतात. कुत्र्याच्या बाबतीत खाऊ मापाचेही काम करतो : एरवी आवडणारा उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याने नाकारला तर वाहन फार जवळ आहे, असे समजावे.

रीत : कुत्र्याला वाहन दिसते, पण तो खातो आणि हाकेला मान वळवतो, ते अंतर प्रथम शोधतात. तिथे वाहन दिसले की लगेच खाऊ सुरू करायचा आणि ते नजरेआड होताच थांबवायचा. क्रम महत्त्वाचा : आधी वाहन, मग खाऊ. उलट केल्यास खाऊच संकटाची सूचना ठरतो. काही दिवसांनी कुत्रा गाडी पाहून आपणहून धन्याकडे वळतो; त्या वळण्याला बक्षीस द्यायला सुरुवात करावी. यानंतर अंतर, वेग, आकार, आवाज आणि संख्या यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवतात. सायकल सोसणारा कुत्रा स्कूटरपाशी आणताना पुन्हा मागे सरकून सुरुवात करावी. धावणाऱ्या गाडीआधी बंद उभी गाडी, मग इंजिन चालू असलेली उभी गाडी, असा टप्पा घेतल्यास काम हलके होते. छातीपट्टा आणि सुमारे २ मीटरचा पट्टा पुरतो. चावण्याचा धोका असल्यास जाळीचे मुसके घालावे. त्यात त्याला धापता आणि खाता आले पाहिजे. रोज थोडा वेळ सराव पुरे. एका फेरीत दोनतीनदा उसळलेले कुत्रे त्या दिवशी पुन्हा रस्त्यावर नेऊ नये, कारण चढलेला ताण लगेच उतरत नाही.

कुत्र्याला रस्त्याकडेला खुंट्याला बांधून ‘होईल सवय’ म्हणणे ही गथ्री यांची दुसरी वाट होय. तिने कुत्रा दमतो, आणि दमलेपणाला शांतपणा समजले जाते. शिवाय अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार गुन्हा आहे. विजेचा झटका देणारे व टोचणारे पट्टे टाळावेत, असे अमेरिकेतील पशुवर्तनवैद्यांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात म्हटले. वेल्समध्ये झटक्याच्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. गल्लीतल्या पोरांनी गंमत म्हणून ‘छू’ करून कुत्रे गाड्यांमागे सोडणे हा शिक्षणाचाच एक प्रकार असतो, फक्त उलट्या दिशेचा.

स्थानिक परिस्थिती : पुस्तकी रीत लांबवरची नजर गृहीत धरते. माण, खटाव, जतकडच्या उघड्या माळावर ती मिळते. वडाप (प्रवासी जीप) लांबूनच दिसते आणि अंतर हवे तसे राखता येते. कृष्णाकाठी वाळवा, मिरज, कराडकडे ऊस पुरुषभर उंच झाला की वळणावर नजर दहा पावलांवर अडते. वाहन दिसण्याआधी ऐकू येते आणि मग एकदम अंगावर येते. अशा ठिकाणी खाऊ आवाजाशी जोडावा आणि सराव मोठ्या रस्त्याच्या कडेने न करता शेतवाटेच्या आतल्या टोकाकडून करावा. शहरांत अडचण वेगळी. साताऱ्यात पोवई नाक्याच्या भुयारी मार्गात आवाज घुमतो, तर सांगली-मिरज रस्त्यावर दोन वाहनांमध्ये श्वास घ्यायला फट मिळत नाही. गल्लीतून, बंद फाटकाआडून किंवा गच्चीवरून सुरुवात करणे सोयीचे. गच्चीवरून गाडी दिसते, पण पाठलाग शक्य नसतो. कासच्या रस्त्यावर फुलांच्या हंगामात, त्यातही सुट्टीच्या दिवशी, सराव करू नये.

ऊसवाहतूक ही या दोन जिल्ह्यांतील सर्वांत अवघड कसोटी. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर हळू चालतो, म्हणजे कुत्र्यासमोर बराच वेळ राहतो. साखळ्या खडखडतात, पाचट लोंबत असते आणि अनेकदा ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने वाजत असतात. आकार, आवाज आणि मुदत तिन्ही एकदम वाढतात, म्हणून त्यांना वेगवेगळे करावे लागते : आधी अड्ड्यावर उभी असलेली रिकामी ट्रॉली, मग भरलेली, मग चालती. बैल जोडलेल्या टायरगाडीला ट्रॅक्टरचा पर्याय समजू नये. तिथे कुत्र्याचे लक्ष चाकांपेक्षा बैलांकडे असते.

विझलेली प्रतिक्रिया मध्ये खंड पडल्यावर आपोआप पुन्हा उसळते, हे पाव्हलॉव्ह यांनीच नोंदवले आहे. गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. फेब्रुवारीत ट्रॅक्टरकडे ढुंकून न पाहणारा कुत्रा दिवाळीच्या सुमारास पुन्हा झेपावला, तर शिक्षण वाया गेले असे मानू नये. कारखान्यांचे बॉयलर पेटण्याच्या आसपास मागच्या वर्षी गाठलेल्या अंतराच्या दुपटीने मागे उभे राहून सराव पुन्हा सुरू करावा. दुसऱ्या खेपेस प्रगती सहसा लवकर होते.