कापड की भोपळा? शर्यतीच्या स्विमसूटचा वाद कुठून आला

मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या जलतरण स्पर्धेच्या सकाळी कॉल रूममध्ये (शर्यतीआधी खेळाडू जमतात त्या खोलीत) एक प्रश्न हमखास येतो : "हा कॉस्च्युम चालेल ना?" विचारणारा कधी पस्तिशीतला बँक कर्मचारी असतो, कधी सत्तरी ओलांडलेले आजोबा. सोलापुरातून राज्य किंवा राष्ट्रीय मास्टर्सला जाणाऱ्यांपैकी बरेच जण हंगामातली मोठी खरेदी या एकाच वस्तूवर करतात, त्यामुळे प्रश्न साधा नसतो. पंच देतात त्या उत्तराला 2008 आणि 2009 या दोन वर्षांचा इतिहास आहे.

त्याआधीचा प्रवास थोडक्यात. शंभर वर्षांपूर्वी पोहणारे लोकर, सुती किंवा रेशमी कपड्यात उतरत. लोकर पाणी पिऊन जड व्हायची. मग नायलॉन आले, आणि 1973 च्या बेलग्रेड जागतिक स्पर्धेत पूर्व जर्मनीच्या मुली अंगाला चिकटून बसणाऱ्या पातळ लायक्रात उतरल्या. महिलांच्या 14 पैकी 10 सुवर्णपदके त्यांनी नेली. त्या यशामागे उत्तेजकांचाही हात होता, हे पुढे उघड झाले. तेव्हा मात्र साऱ्या जगाने त्यांचे कापड उचलले. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपूर्वी स्पीडो कंपनीने शार्कच्या कातडीवरून कल्पना घेऊन फास्टस्किन आणला आणि अंगभर सूट रुळले. ऑस्ट्रेलियाचा इयन थॉर्प आदिदासच्या काळ्या अंगभर सुटात पोहायचा. कुरबुरी होत्या, पण तोवर सूट कापडाचाच होता.

फेब्रुवारी 2008 मध्ये स्पीडोचा एलझेडआर रेसर आला आणि गणित बदलले. कोणते कापड पाण्याला सर्वांत कमी अडते याच्या चाचण्या नासाच्या लँग्ली केंद्रातल्या वायुबोगद्यात झाल्या होत्या. नायलॉन आणि इलॅस्टेन (लायक्रासारखा ताणणारा धागा) यांच्या पातळ कापडावर पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकचे पट्टे बसवले होते आणि शिवण दोऱ्याची नव्हती. ध्वनिलहरींच्या कंपनाने कडा एकमेकींत वितळवून जोडल्या होत्या, त्यामुळे शिवणीचा उंचवटाच उरला नाही. किंमत सुमारे 550 डॉलर, आणि अंगावर चढवायला 20 ते 30 मिनिटे. त्या जूनमध्ये जपानच्या कोसुके किताजिमाने हाच सूट घालून 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा जागतिक विक्रम 2:07.51 वर आणला. जपानच्या महासंघाचे करार तिथल्या कंपन्यांशी होते, तरी त्यानंतर खेळाडूंना सूट निवडायची मोकळीक द्यावी लागली. बीजिंगमध्ये जलतरणात 25 जागतिक विक्रम झाले, त्यांतले 23 एलझेडआरमध्ये. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी ऑलिंपिकमध्ये उतरला तो याच बीजिंगमध्ये.

पॉलियुरेथेन नेमके काय करते, हे सोलापूरकराला समजावणे सोपे आहे. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधतात. आत कोंडलेली हवा कंबर वर धरते, पाय खाली जात नाहीत आणि हातांना फक्त पुढे ओढायचे काम उरते. पॉलियुरेथेनचा पडदा हेच काम चोरून करतो. तो पाणी शोषत नाही, हवा बाहेर जाऊ देत नाही, आणि सूट व अंग यांच्यात हवेचा पातळ थर अडकून राहतो. दुसरा फायदा आवळण्याचा : मांड्या, पोट, नितंब घट्ट बांधले गेले की पाण्यात थरथरणारे मांस कमी होते आणि शरीर सरळ नळीसारखे सरकते. तिसरा फायदा पृष्ठभागाचा, पाणी न चिकटण्याचा. खरा वाद पहिल्या फायद्याचा होता, कारण नियम तरंगायला मदत करणाऱ्या साधनाला आधीपासूनच मनाई करत होते.

डिसेंबर 2008 मध्ये क्रोएशियातल्या रियेका इथल्या युरोपीय शॉर्ट कोर्स (25 मीटरच्या तलावातल्या) स्पर्धेत काहींनी एकावर एक दोन-दोन सूट घातले. दोन थरांत दुप्पट हवा. मार्च 2009 मध्ये फिनाने, म्हणजे जलतरणाच्या जागतिक महासंघाने, एकच सूट, जाडी 1 मिलिमीटरपर्यंत आणि तरंगशक्ती 1 न्यूटनपर्यंत अशी मर्यादा घातली. मे महिन्यात 348 सूट तपासले. 202 मंजूर झाले, 10 नाकारले आणि उरलेले 136 सुधारणेसाठी परत पाठवले. तेवढ्यात एरिना एक्स-ग्लाइड आणि जॅक्ड 01 हे संपूर्ण पॉलियुरेथेनचे सूट बाजारात स्थिरावले होते. त्या उन्हाळ्यात रोमच्या जागतिक स्पर्धेत एका आठवड्यात 43 जागतिक विक्रम झाले. जर्मनीच्या पॉल बीडरमनने एक्स-ग्लाइडमध्ये थॉर्पचा 400 मीटर फ्रीस्टाइलचा 3:40.08 चा विक्रम एक शतांश सेकंदाने मोडला आणि 200 मीटरमध्ये मायकेल फेल्प्सला हरवत 1:42.00 नोंदवले. फेल्प्सच्या अंगात वर्षभरापूर्वीचा एलझेडआर होता, म्हणजे एका वर्षातच तो जुना ठरला होता. फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बोमन यांनी नियम बदलेपर्यंत त्याला आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरवणार नाही, असा इशारा दिला.

रोममध्येच फिनाच्या काँग्रेसने 168 विरुद्ध 6 मतांनी निर्णय घेतला. 1 जानेवारी 2010 पासून पुरुषांचा सूट बेंबीच्या वर नाही आणि गुडघ्याखाली नाही. स्त्रियांचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, मान मोकळी आणि खांद्यापलीकडे कापड नाही. चेन किंवा बंद नाहीत, पुरुषांच्या कमरेची नाडी चालते. जाडी 0.8 मिलिमीटर, तरंगशक्ती 0.5 न्यूटन, म्हणजे साधारण 50 ग्रॅम वजन उचलेल इतकीच. आणि सर्वांत महत्त्वाचे, साहित्य कापडच हवे, हवा आरपार जाणारे. त्यासाठी दर चौरस मीटरमधून सेकंदाला किमान 80 लिटर हवा जाण्याची अट आहे.

या शेवटच्या अटीत वादाचा गाभा आहे, आणि यंत्रमागांच्या शहराला तो पटकन कळावा. आपला टेरी टॉवेल उभ्या धाग्याच्या फाशांमुळे पाणी धरून ठेवतो. शर्यतीच्या सुटाचे काम बरोबर उलटे : धागा बारीक, वीण दाट, वर पाणी झटकणारा लेप. रोजच्या सरावाचा कॉस्च्युम होजियरीसारखा विणलेला असतो, म्हणून तो चारी बाजूंनी ताणतो आणि वापराने सैल पडतो. शर्यतीचा सूट मागावरच्या कापडासारखा ताण्या-बाण्याचा असतो. तो कमी ताणतो, म्हणून जास्त आवळतो. तरीही दोन्हींत धाग्यांमध्ये फटी आहेत. पॉलियुरेथेनच्या पडद्यात फट नाही.

प्रौढांच्या स्पर्धेत हा वाद वेगळ्या कारणाने पेटला. मास्टर्समध्ये वय 25 पासून पाच-पाच वर्षांचे गट असतात, आणि वयाबरोबर पाय बुडण्याची अडचण वाढते. पोहण्याचा वेग कमी असला की पाणी शरीराला वर उचलून धरत नाही. कंबर आणि घोटे लवचिक राहिलेले नसतात, लाथ कमी बसते, पाय खाली झुकतात. पाय जेवढे खाली, तेवढे शरीर समोरून रुंद आणि पाण्याचा अडथळा जास्त. म्हणजे 2009 चा सूट सर्वांत जास्त मदत करत होता तो अशाच शरीराला. बाजूने बोलणारे म्हणत की पन्नाशीनंतर आनंदाने पोहणाऱ्याला ही मदत का नाकारावी. विरोधक विचारत की मग त्या वयोगटाचा विक्रम माणसाचा की सुटाचा, आणि ज्याला तो परवडत नाही त्याने काय करायचे. आमच्या मते विरोधकांचे म्हणणे बरोबर होते. 2010 मध्ये प्रौढांच्या स्पर्धांनाही हाच साचा लागू झाला, हे चांगलेच झाले.

जुने विक्रम मात्र पुसले नाहीत. बीडरमनचा 400 मीटरचा विक्रम लुकास मार्टेन्सने एप्रिल 2025 मध्ये 3:39.96 ने मोडला. 200 मीटरचा 1:42.00 मात्र 2025 च्या सिंगापूर जागतिक स्पर्धेनंतरही उभा होता. तिथेच कॅनडाची समर मॅकिंटॉश 200 मीटर बटरफ्लायमध्ये 2:01.99 पोहली आणि चीनच्या लिऊ झिगेचा 2009 चा 2:01.81 चा विक्रम अवघ्या 0.18 सेकंदाने वाचला.

आज खरेदी करताना मंजुरीची खूण बघा. फिना आता वर्ल्ड अॅक्वाटिक्स झाली, तरी बाजारातल्या कित्येक सुटांवर जुन्या नावाचाच शिक्का दिसेल; तो मागच्या बाजूला असतो. खूण नसलेला साधा कापडी जॅमर (गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी) आपल्या स्पर्धेत चालतो का, हे माहितीपत्रकात आधीच वाचून घ्यावे. मालवणच्या चिवला बीचवर समुद्रात उतरणाऱ्यांसाठी खुल्या पाण्याचे नियम निराळे आहेत : तिथे सूट घोट्यापर्यंत चालतो, पण 20 अंशांहून गरम पाण्यात वेटसूट नाही.

सूट चढवताना फाटतो तो बहुतेक नखाने किंवा घाईने. अंग पूर्ण कोरडे हवे, तेल-क्रीम नको, अंगठी काढून ठेवावी. पायाला पातळ प्लास्टिकची पिशवी घातली की घोट्यावरून कापड सरकते. आधी दोन्ही मांड्या गुडघ्यापासून थोड्या थोड्या वर घ्याव्यात, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून. कमरेला धरून एकदम ओढले की मागची शिवण उसवते. माप लहान घेतले तर लाथ आखडते. मोठे घेतले तर उडी मारताच कमरेतून पाणी शिरते, आणि तो सूट उरलेली शर्यत ओझे म्हणून ओढावा लागतो.

शर्यत संपताच गार साध्या पाण्यात धुवावा, पिळू नये, सावलीत आडवा वाळवावा. क्लोरीन आणि उष्णता दोन्ही इलॅस्टेनला खातात. मेमध्ये सोलापूरचा पारा 42 वर असताना स्कूटरच्या डिकीत राहिलेला ओला सूट दुपारभरात ढिला पडू शकतो.

जुना सूट कुणाकडून घेत असाल तर कापडाला ओठ टेकवून फुंकर मारावी. हवा पलीकडच्या तळहाताला अजिबात जाणवली नाही, तर तो 2009 चा असण्याची शक्यता मोठी, आणि कॉल रूममध्ये तो उतरवायला लागेल.